हिंव, घाम आणि ताप

मी निवृत्त झाले तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. नोकरी चालूच आहे. निवृत्त झाले ती फक्त एका टेबलावरून. त्याचं नाव पहाड टेबल. कोलकात्यात, सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये काचेच्या एका इमारतीत, एका पर्यटन कंपनीच्या चौथ्या मजल्यावर, सहा वर्षं मी त्या टेबलाशी बसून लोकांना डोंगरातलं हवामान सांगत होते. आता त्याच मजल्यावर समुद्र टेबलाशी बसते. समुद्राला हवामान नसतं, गर्दी असते. "गर्दी आहे, दादा" एवढं सांगितलं की दिवस भरला. म्हणून तर हे लिहायला सवड मिळाली.

माझा जन्म याच शहरातल्या बेहाल्यातला, आईबाबा मूळचे अमरावतीकडचे. बाबा एका कारखान्यात कामगार संघटनेचे चिटणीस होते आणि संघटनेची पत्रकं घरी, जेवणाच्या टेबलावर लिहीत. माझी अक्षरओळख त्या पत्रकांवरच झाली. मी वाचलेला पहिला जोडाक्षराविना शब्द 'निषेध' आणि पहिला जोडाक्षराचा 'धिक्कार'. घरात दूध उतू गेलं तरी आई फ्रिजवर निवेदन लावायची: काय घडलं, कोणामुळे घडलं आणि यापुढे जनतेने काय करायचं. जनता म्हणजे मी. बाबांचा नियमच होता की पत्रकात या तीन गोष्टी हव्यात आणि त्यात एकही शब्द खोटा नको. "पत्रकावर आपलं नाव असतं," ते म्हणायचे. "लोक ते खिशात ठेवतात."

पहाड टेबलावर मी हाच नियम नेला. तिथे तो कोणालाच नको होता.

बाहेरच्या माणसाला वाटतं, हवामान सांगायला काय लागतं, मोबाइल उघडायचा आणि वाचायचं. मोबाइल सांगतो ते जिल्ह्याचं हवामान. डोंगरात जिल्ह्याला हवामान नसतं. ते वळणाला असतं. एका वळणावर कोवळं ऊन, पुढच्यावर इतकं धुकं की ड्रायव्हर मान बाहेर काढून गाडी हाकतो. म्हणून मी रोज सकाळी साडेसातला ठरलेल्या नऊ-दहा लोकांना फोन करायचे. कोणी चहावाला, कोणी जीपवाला, कोणी घरात पाहुणे ठेवणारा. "तुमच्या दारातून काय दिसतंय?" एवढाच प्रश्न. मग त्या उत्तरांची चार ओळींची चिठ्ठी करून त्या त्या बाजूला गेलेल्या ग्राहकांना फोनवर पाठवायची.

आमचा खरा हंगाम दुर्गापूजेनंतरचा. कोलकात्यात सप्तपर्णीचा वास सुटतो, पंखा तीनवरून एकवर येतो आणि सगळ्या शहराला एकदम डोंगर आठवतो. तिकडे वर पावसाने आकाश धुऊन ठेवलेलं असतं. जंगली चेरी गुलाबी फुललेली, संत्र्याच्या करंड्या रस्त्यावर. पहाटे पाचपासून नऊपर्यंत कांचनजंगा असं समोर उभं राहतं की बोट लावावं. मग ऊन चढतं, दरीतली वाफ उठते आणि अकराच्या सुमाराला पडदा. दुपारी चहाचा कपही हातात धरल्याशिवाय दिसत नाही. हे असं रोज असतं. यात फसवण्यासारखं काही नाही आणि करण्यासारखंही काही नाही. लवकर उठायचं, बस. पण सुट्टीत लवकर उठायला सांगणाऱ्या माणसाइतकं नावडतं माणूस जगात दुसरं नसेल.

थंडी किती ते सांगणं आणखी अवघड. अंश कोणालाच कळत नाहीत. बंगाली ग्राहक विचारतो, "किती स्वेटर?" म्हणून मी स्वेटरची मोजपट्टीच केली होती. सकाळी दोन पूर्ण आणि एक अर्धा, दुपारी एक, संध्याकाळी असतील तेवढे. मराठी कुटुंबांचं वेगळं. सेक्टर फाइव्हमध्ये नव्याने बदलून आलेल्या एका वहिनींनी विचारलं होतं, "थंडी म्हणजे पुण्याची की नाशिकची?" मी म्हटलं, "वहिनी, पुणे अधिक नाशिक." त्या खूश झाल्या. एका गृहस्थांनी कांचनजंगा किती वाजता उघडतं ते विचारलं. मी म्हटलं, पाचला. त्यांनी विचारलं, सोमवारी बंद असतं का?

आमचे साहेब देबूदा. माणूस प्रेमळ, पण ढग या शब्दाची त्यांना ॲलर्जी. ढग म्हणायचं नाही, 'मेघांचा खेळ' म्हणायचं. धुकं म्हणायचं नाही, 'स्वप्नील वातावरण'. रस्ता खचला तर 'निसर्गाच्या सान्निध्यात अधिक वेळ'. मी चिठ्ठीत लिहायचे: ढग आहेत, आज काही दिसणार नाही, झोपा. देबूदा डोकं धरून बसत.

"अगं, लोक सुट्टीवर गेलेत. त्यांना आनंद दे."

"देबूदा, त्यांना पहाटे चारला उठवून ढग दाखवले तर ते आनंद म्हणतील का?"

"उठले की नाश्ता करतील."

एकदा मी पँट्रीत चहाच्या यंत्रावर पत्रक लावलं. मथळा: 'ढगाला ढग म्हणा!' दुपारपर्यंत त्याखाली सहा सह्या आल्या होत्या. त्यांतल्या दोन देबूदांच्याच होत्या. त्यांना तो वाढदिवसाच्या वर्गणीचा कागद वाटला होता.

पण खरं सांगितल्यामुळे काही ग्राहक मला मिळाले. त्यांत पहिल्या मासिमा, म्हणजे मावशी.

मासिमा कोलकात्यातल्याच बागबाजारच्या. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न केलेलं नाही. वरच्या मजल्यावर त्या, खालच्या मजल्यावर त्यांचे मेजदा, म्हणजे दोन नंबरचे थोरले भाऊ. मासिमांनी आयुष्यभर मुलींना हिमनदी शिकवली. हिमरेषा, हिमवर्षाव, हिमदंश, सगळं. आणि बर्फ पाहिला तो फक्त फ्रिजात. मेजदा मात्र कॉलेजात असताना मित्रांबरोबर डोंगरात गेले होते आणि तिथे त्यांनी बर्फ पाहिला होता. तेव्हापासून दर भाईफोंटाला, म्हणजे आपल्या भाऊबीजेला, मासिमा त्यांच्या कपाळाला गंध लावत आणि ते मान वर करून ठरलेलं वाक्य टाकत, "भूगोलाच्या बाई, यंदा तरी बर्फ पाहिलात का?" पन्नासेक वर्षं. घरातली पोरंटोरंही त्यांच्याबरोबर कोरसात म्हणायला लागली होती.

चार वर्षं लागोपाठ मासिमांनी कार्तिकात मला फोन केला. "पडेल का गं?" आणि चार वर्षं मी सांगितलं, "नाही मासिमा. कांचनजंगासमोरच्या डोंगररांगेवर बर्फ पडलाच तर पौष-माघात, आत्ता नाही." त्या म्हणायच्या, "बाकी तिघा कंपनीवाल्यांनी पडेल म्हणून सांगितलं. तू नाही म्हणालीस. म्हणजे नाहीच पडणार." आणि जायचं रद्द करायच्या. माझ्या शब्दावर इतका विश्वास माझ्या आईनेही टाकलेला नाही. मी मराठी आहे हे कळल्यावर तर त्या मला बर्गीच म्हणायला लागल्या, म्हणजे बंगालवर धाडी घालणारा मराठा घोडेस्वार. "आमच्या बागबाजारात तुम्हा लोकांसाठी खंदक खणला होता, ठाऊक आहे ना? पूर्वी घोड्यावरून यायचात. आता फोनवरून येता."

पाचव्या वर्षी त्यांचा फोन आला तो वेगळाच.

"गुडघे बदलायचे ठरले. दोन्ही. पौषात. डॉक्टर म्हणतो, त्यानंतर डोंगरबिंगर विसरा."

"मासिमा, पण आत्ता बर्फ..."

"नाही पडणार, ठाऊक आहे. तरी जाते. लांबून शिखरावरचा तरी बघेन. मेजदाही येतोय. म्हणतो, तुला ओळखता यायचा नाही, मी दाखवतो."

अशी ही दोघं निघाली. मेजदांनी माकडटोपी सियालदा स्टेशनवरच चढवली होती. थंडी बाधेल म्हणून. गाडीत पंखे चालू होते.

मी त्यांची सोय केली सिंगालीला नावाच्या त्याच रांगेवरच्या एका छोट्या गावात, पूर्णभाईंच्या घरी. पूर्णभाई माझ्या फोनच्या यादीतले सगळ्यात भरवशाचे. त्यांचं हिंदी साफ. "दीदी, धूप है", "दीदी, कोहरा है", विषय संपला. पहिली रात्र पायथ्याच्या गावात काढून दुसऱ्या दिवशी सकाळी आठला जीपने वर जायचं, असा बेत.

त्या सकाळी साडेसातला मी पूर्णभाईंना फोन लावला. उचलला त्यांच्या बायकोने, दिलमायादिदीने. पूर्णभाई गॅसचा सिलिंडर आणायला खाली गेले होते. दिलमायादिदी माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती, आणि ती फक्त नेपाळी बोलते.

इथे माझा एक गर्व सांगायला हवा. नेपाळी देवनागरीत लिहितात. डोंगरातल्या दुकानांच्या पाट्या मी घडाघडा वाचायचे आणि बरोबरचे बंगाली लोक माझ्याकडे आदराने बघायचे. अक्षरं आपली म्हणजे भाषाही जवळजवळ आपलीच, असा माझा पक्का समज झाला होता. सहा वर्षांत तो कोणी खोडला नव्हता, कारण सहा वर्षं माझ्याशी सगळे हिंदीतच बोलत होते.

लाइन खरखरत होती. मी विचारलं, "दिदी, वहाँ कैसा है?"

दिलमायादिदी म्हणाली, "राति हिउँ पर्‍यो, नानी. अहिले घाम लागेको छ. हामी सबै घाम तापेर बसेका छौँ."

मला ऐकू आलं: हिंव, घाम, घाम, ताप.

आता जो अमरावतीकडच्या घरात वाढला आहे, त्याला यातून एकच गोष्ट ऐकू येते. आमच्या आईला थंडी वाजत नाही, हिंव वाजतं. आणि आधी हिंव भरतं, मग ताप चढतो, मग दरदरून घाम फुटतो, या तीन पायऱ्यांना आपल्याकडे काय म्हणतात ते शाळेच्या पुस्तकातच आहे. हिवताप! त्यातून आमच्या बेहाल्यात त्या महिन्यात गल्लीगल्लीत डासांची धुरळणी चालू होती.

"किसको, दिदी? पूर्णभाई को?"

"सबै!" दिदी म्हणाली. 'सबै' कळायला कोणाला अडचण येईल? "सबै, नानी! बाख्रा पनि!"

बकऱ्यासुद्धा! माझ्या हातातलं पेन पडलं.

"डॉक्टर आया?"

"डाक्टर?" दिदी हसायला लागली. पलीकडे आणखी चार-पाच जण हसत होते. मला तेव्हा ते तापात बरळल्यासारखं वाटलं. मग लाइन तुटली. परत लागेना.

आठला दहा कमी होते. आठला मासिमांची जीप निघणार होती. सत्तरी ओलांडलेली बाई, त्याहून म्हातारा भाऊ, आणि मी त्यांना साथीच्या गावात पाठवणार? मी उभ्याउभ्याच पत्रक लिहिलं. तीन गोष्टी: काय घडलं, कोणामुळे घडलं, आपण काय करायचं. मग सवयीने बाबांना फोन करून वाचून दाखवलं.

"'सावधान! सिंगालीलाच्या माथ्यावर हिवतापाची साथ. संपूर्ण गाव आजारी, पाळीव जनावरांनाही लागण. डॉक्टर पोचलेला नाही. बदलत्या हवामानामुळे डास डोंगरावर चढले असून याला बेफाम कारखानदारी जबाबदार आहे. पर्यटकांनी ताबडतोब खाली उतरावं.'"

बाबांनी विचारलं, "एवढ्या उंचीवर डास?"

"हवामानबदल, बाबा!"

"खात्री केलीस?"

"प्रत्यक्ष गावातल्या बाईशी बोलले."

"मग कारखानदारी ठळक टाईपात टाक," बाबा म्हणाले. तो माणूस निवृत्त झाला होता, विझला नव्हता.

बंगालीत भाषांतर करून मी ते मासिमांना पाठवलं आणि त्या बाजूच्या इतर सगळ्या ग्राहकांनाही. मग मासिमांना फोन केला. मेजदा मागून ओरडत होते, "मी म्हटलं नव्हतं? नाका-तोंडावर मफलर घे!" मासिमांनी आधी त्यांना हटकलं. मग म्हणाल्या, "तू सांगतेस म्हणजे खरंच असणार. उतरतो आम्ही." जीप उलट तोंडाने सिलिगुडीकडे निघाली. मी खुर्चीत बसले, पाणी प्यायले. आपण दोन जीव वाचवले, असं मला वाटत होतं. हे लिहिताना आजही कान गरम होतात.

साडेनऊला माझा फोन वाजला. पूर्णभाईंच्या नंबरवरून फोटो आला होता.

फोटोत दिलमायादिदी वेताच्या मोड्यावर बसली आहे. गाल सफरचंदासारखे, तोंड सूर्याकडे, डोळे मिटलेले. शेजारी सासू, दोन शेजारणी, सगळ्यांची तोंडं सूर्याकडे. मागे तीन बकऱ्या, त्यांचीही तोंडं सूर्याकडे. आणि या सगळ्यांच्या भोवती, छपरावर, कोबीच्या वाफ्यांवर, कुंपणाच्या काठ्यांवर, पांढरं. सगळं पांढरं.

लगेच पूर्णभाईंचा फोन आला. "दीदी, घरवाली ने बताया ना आपको? रात को बर्फ गिरी! नवंबर में! आपकी मासिमा का तो भाग्य खुल गया. कहाँ तक पहुँचीं?"

मी विचारलं, "भाई, हिउँ म्हणजे काय?"

"बर्फ."

"आणि घाम?"

"धूप."

"आणि घाम तापणं?"

"धूप सेंकना. क्यों दीदी?"

मी टेबलावर डोकं टेकलं. देबूदा धावत आले. त्यांना वाटलं मलाही लागण झाली.

मग सुरू झाली आमची बर्फ वाचवा मोहीम. आधी जीपचा ड्रायव्हर. त्याचा फोन डोंगरात कधी लागतो, कधी नाही. अकराव्या वेळी लागला, तोपर्यंत दीड तास उतरून ते चहासाठी थांबले होते. फोन मेजदांनी घेतला.

"मेजदा, साथ नाहीये. बर्फ पडलाय! परत फिरा."

"आता बर्फ? सकाळी हिवताप, आता बर्फ, दुपारी काय, वाघ? आम्ही खाली चाललो. बहिणीचे गुडघे दुखतायत."

"माझे गुडघे माझे आहेत," मागून मासिमांचा आवाज आला. "दे इकडे फोन."

"मासिमा, माझी चूक झाली," मी म्हटलं. "मला भाषा कळली नाही आणि मी कळल्यासारखं केलं. बर्फ पडलाय. पण ऊन कडक आहे. पूर्णभाई म्हणतात, दुपारपर्यंत टिकणार नाही. परत गेलात तर चार तास लागतील, आणि वर काही असेलच असं मी सांगू शकत नाही."

चार वर्षं ज्या बाईने माझ्या 'नाही'वर घरी बसणं पसंत केलं, तिचा बर्फ मी स्वतःच्या हाताने वितळवत होते.

"चार तास?" त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि नसेलही?"

"नसेलही."

"बघ, आताही खोट्या आशेचं बोलली नाहीस," मासिमा म्हणाल्या. मग ड्रायव्हरला, "बाबा रे, गाडी वळव." मेजदा काहीतरी निषेधाचं बोलत होते, त्यावर त्या म्हणाल्या, "तू इथेच चहा पीत बस हवं तर. माकडटोपी आहेच."

मी पूर्णभाईंना फोन लावला. "भाई, काहीही करा, बर्फ धरून ठेवा."

"दीदी, बर्फ म्हणजे काय बकरी आहे? बांधून ठेवू?"

पण फोन तोपर्यंत दिलमायादिदीने ओढून घेतला होता. तिला सगळा प्रकार कळला होता आणि ती इतकी हसत होती की तिला बोलता येईना. मग ती काहीतरी म्हणाली आणि फोन परत नवऱ्याकडे गेला.

"काय म्हणाल्या?"

"म्हणते, कोबी ठेवतो तसा ठेवू. गोठ्यामागे सावली आहे. वर गवत, वर बटाट्याची पोती. पण विचारते, किती हवा आहे?"

किती बर्फ हवा आहे! असा हिशेब पहाड टेबलावर कोणी कधी केला नसेल. "एक म्हातारी बाई बसू शकेल एवढा," मी म्हटलं.

पुढचे चार तास मी काम केलं नाही. केलं ते एवढंच की आणखी एक पत्रक लिहिलं. कारण देबूदा येऊन म्हणाले होते, "स्थानिक सूत्रांच्या चुकीच्या माहितीमुळे गैरसमज झाला, असं टाकून दे. पटकन. दहा ग्राहक खाली उतरलेत."

"देबूदा, स्थानिक सूत्र म्हणजे दिलमायादिदी. तिने शब्द न् शब्द खरा सांगितला. उद्यापासून तिच्या घरी कोणी जाणार नाही."

"मग तांत्रिक बिघाड लिही. तंत्राला कोणी बायको नसते."

"बिघाड माझ्यात झाला."

"तू कंपनी आहेस, बाळ. कंपनी चुकत नाही, तिच्यात बिघाड होतो."

मी लिहिलं: 'सिंगालीलावर साथ नाही. काल रात्री तिथे बर्फ पडला. गावातल्या बाईने हे बरोबर सांगितलं. पहाड टेबलावरच्या मुलीने ते चुकीचं ऐकलं, कारण तिला नेपाळी येत नव्हतं आणि येतं असं तिला वाटत होतं. गाव धडधाकट आहे. बकऱ्यासुद्धा.' खाली माझं नाव. कारखानदारीला मी त्या दिवसापुरतं मोकळं सोडलं.

ते पाठवल्यावर देबूदांनी मला समुद्र टेबल दिलं. त्यांनी शांतपणे दिलं, मीही शांतपणे घेतलं. अन्यायाविरुद्ध पत्रक काढावं असा विचार आला, पण कितीही खोडून लिहिलं तरी 'कोणामुळे घडलं'समोर माझंच नाव येत होतं.

अडीचला मासिमांचा फोन आला. वारा इतका की निम्मं ऐकूच येईना.

"पोचलो. आहे. इतकासा आहे, पोत्याखाली. बकरीचं सगळं लागलंय त्याला. काय घाण आहे गं!" मग, "नंतर बोलते," आणि फोन बंद.

आठवड्याने मी बागबाजारला गेले. कंपनीचं दिलगिरीचं पत्र होतं, ते हातोहात द्यायचं होतं; आणि माझी दिलगिरी कंपनीच्या भाषेत बसत नव्हती, ती वेगळी द्यायची होती. मासिमांच्या वरच्या मजल्यावर मेजदा आरामखुर्चीत बसले होते, माकडटोपी घालूनच. दुपारचे चार, घरातले दोघं-तिघं पंख्याखाली.

"या, साथवाल्या बाई," ते म्हणाले. "आमच्यापासून लांब बसा. आम्ही आजारी गावातून आलोय."

मासिमांनी मला स्वयंपाकघरात ओढलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी त्यात संदेश, म्हणजे छेन्याची मिठाई, कोंबला.

"ऐक. तुला एकटीलाच सांगते. आम्ही उतरलो जीपमधून. त्या बाईने पोतं उचललं. मी बघतच राहिले. पस्तीस वर्षं शिकवलं गं मी हे! मेजदा काठी टेकत आला. काठी टेकवली ती बर्फावर, आणि ती आत गेली. तो असा दचकला! मग वाकला, बोट लावलं, आणि ड्रायव्हरला हळूच विचारतो, 'हा असा मऊच असतो का?'"

मी संदेश गिळला. "म्हणजे?"

"म्हणजे काय! त्याला वाटतं मला ऐकू येत नाही. डाव्या कानाने येत नाही. मी उजवा कान त्याच्याकडे करून होते."

"म्हणजे त्यांनी कधीच बर्फ..."

"गारा पाहिल्या असतील. किंवा तेही नाही." मासिमा चहाचं पातेलं उतरवत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. "पन्नास वर्षं! गंध लावताना मान कशी वर करायचा, पाहायला हवं होतंस."

"मग तुम्ही तिथेच बोलला नाहीत? सगळ्यांसमोर?"

"वेडी आहेस का? तुम्ही पत्रकवाली माणसं, एका कागदात सगळं सांगून मोकळी होता. त्याने पन्नास वर्षं पुरवून पुरवून खाल्लं. ते मी एका दुपारी संपवू?"

तेवढ्यात बाहेरून मेजदांचा आवाज आला. ते कोणाला तरी सांगत होते, "हा बर्फ काहीच नाही. पोत्याखालचा, मऊ! आम्ही पाहिला तो..."

मासिमांनी गाळणं माझ्या हातात दिलं. "मेजदा," त्यांनी आतून गोड आवाजात हाक मारली, "तू पाहिलास तो कसा होता? कडक होता का? या बर्गी मुलीला नीट सांग ना."

आणि मेजदांनी सांगायला सुरुवात केली. मासिमा दुखऱ्या गुडघ्यांनी लगबगीने दाराशी जाऊन उभ्या राहिल्या, उजवा कान पुढे करून. त्यातला एक शब्दही त्यांना चुकवायचा नव्हता.